पहिली फुल मॅरेथॉन, सोबत १ लाखाचा निधी: २४ आठवडे पुरतील का? (बडोदा)

वारसियावासी
नमस्कार मंडळी. हिवाळ्यात बडोद्यात पहिली फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावायचं ठरवलं आहे. हातात २४ आठवडे आहेत, शर्यत फेब्रुवारीच्या सुरुवातीला आहे असं धरा. वय ४१, वजन ६५ किलो, शुद्ध शाकाहारी. आठवड्यात तीन दिवस धावते, एकूण २५ किमी होतात. हाफ मॅरेथॉनची वेळ २ तास २५ मिनिटं.

या धावण्याच्या निमित्ताने आपल्याच भागातल्या एका छोट्या ट्रस्टच्या अभ्यासिकेसाठी १ लाख रुपये जमवायचे आहेत. माझा यूपीआय क्रमांक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा आणि "पूर्ण केली तर किलोमीटरमागे इतके रुपये" असं आवाहन करायचं, असा विचार आहे. काही देणगीदार न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये आहेत.

विचारायचं ते असं: आठवड्यांची आखणी कशी करू? नवरात्रात नऊ रात्री गरबा असतो, तो सोडायचा नाही. धावताना काय खायचं? आणि पैशांचं मी म्हणते तसं चालेल का?

पहाटधाव
ताई, २४ आठवडे भरपूर आहेत. तीनाचे चार दिवस करा, पाचवा दिवस नको. दोन मधल्या धावा ६ ते १० किमीच्या, एक छोटी ५ ची, आणि रविवारी लांब धाव. ताकदीचा व्यायाम आठवड्यात दोनदा, २०-२० मिनिटं: एका पायावर उभं राहून टाच उचलणं, स्क्वॅट, पूल (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि प्लँक.

लांब धावेचे आकडे किलोमीटरमध्ये, चार-चार आठवड्यांचे घास करून: १२, १४, १६, १२. मग १६, १८, १२, १६. मग १८, २०, २१, १५. मग २२, २४, २६, १८. मग २८, २४, ३०, २०. एकविसाव्या आठवड्यात ३२, नंतर २०, नंतर १२, आणि चोविसाव्यात शर्यत. दुसऱ्या घासातला १२ चा आठवडा मुद्दाम हलका ठेवला आहे, तो सरकवून नवरात्रावर आणून ठेवा. बाकी चौथ्या आठवड्याला अंतर उतरतं ते चुकवू नका. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे टेंडन) स्नायूंपेक्षा उशिरा तयार होतात, आणि दम पुरतो म्हणून पायही पुरतील असं वाटणं हीच पहिल्या वर्षातली सर्वात मोठी चूक.

वेग. तुमच्या हाफवरून पहिल्या फुलचा अंदाज असा काढा: हाफच्या वेळेची दुप्पट, वर २० ते ३० मिनिटं. म्हणजे ४ तास ५० अधिक २५, साधारण सव्वा पाच तास. त्याचा वेग किलोमीटरला ७ मिनिटं २८ सेकंद पडतो. रविवारची धाव याहून हळू, ७:४५ ते ८:१५. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. तेव्हा घड्याळाकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. तोच वेग डिसेंबरच्या थंडीत आपोआप हलका वाटू लागेल.

रस्त्यांबद्दल दोन गोष्टी. सयाजीबाग, म्हणजे कमाटीबाग, मधल्या छोट्या धावांना उत्तम. लांब धावेसाठी घराभोवती ५ ते ७ किमीचा फेरा आखा म्हणजे पाण्याची बाटली दर फेरीला हाताशी येते, आणि काही दुखलं तर घर जवळ असतं. मोठ्या पावसानंतर विश्वामित्री नदीकाठच्या रस्त्यांवर अंधारात जाऊ नका. पाणी ओसरल्यावरही मगरी रस्त्यावर आलेल्या असतात, २०२४ च्या पुरात अख्ख्या शहराने ते पाहिलं आहे. पहाटे एकटीने जायची वेळ येऊ देऊ नका, सोबत ठेवा, आणि उजळ कपडे घाला. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा आणि चाला. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस.

उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) शर्यतीच्या तीन-साडेतीन आठवडे आधी येतं. ३२ ची धाव त्याआधीच उरकेल अशी तारीख मोजा. उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत गळ्याला जाड कापडी पट्टा बांधा. पतंगाचा दोर फक्त दुचाकीवाल्यांनाच कापतो असं नाही, आणि जमिनीवर पडलेला मांजा धावत्या पायात अडकून घोटा चिरतो.

टाच-पोटरी
वरच्या आखणीत एका आकड्याला माझा आक्षेप आहे. ७:४५ ने ३२ किमी म्हणजे चार तासांच्या वर. साडेतीन-पावणेचार तासांनंतर शरीराला मिळणारा फायदा फारसा वाढत नाही, झीज मात्र वाढत जाते, आणि सावरायला जिथे चार दिवस लागायचे तिथे दहा लागतात. ताईंनी लांब धाव किलोमीटरवर नाही, वेळेवर थांबवावी: ३ तास ४५ मिनिटं. या वेगाने ते २९ किमी होतात आणि तेवढे पुरेसे आहेत. अशी धाव दोनदाच, मध्ये दोन आठवडे ठेवून.

गरब्याचं. गरबा हा व्यायामच आहे, म्हणून त्या आठवड्यात धावा दोनच, ५-६ किमीच्या. धोका दमण्याचा नाही, टाचेचा आहे. अनवाणी किंवा सपाट मोजडीत तीन-चार तास चवड्यांवर नाचलं की पोटरी आणि टाचेमागची कंडरा रोज ओढली जाते. दसऱ्यानंतर लगेच १८ किमीला निघणाऱ्यांची कंडरा तिथेच सुजते. दसऱ्यानंतरचे तीन दिवस फक्त चालणं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेमागे ताठरपणा वाटला तर आणखी चार दिवस थांबा.

कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठलं नाही, हे कळणं ताईंच्या सगळ्या आखणीपेक्षा महत्त्वाचं आहे. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल, धावताना सुरुवातीला जास्त आणि मग कमी होत असेल, तर तो अतिभार आहे. अंतर एक तृतीयांश कमी करा, दोन आठवड्यांत बसतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्या दिवशी धाव बंद, हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेत असा तडा बरेचदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे चांगला आला" यावर विसंबून परत धावू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, साधारण ठरावीक अंतरानंतर आणि पुलाचा उतार उतरताना कळ येते ती बहुधा मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याची. खुब्याचे व्यायाम आणि पाऊल थोडं छोटं करणं (मिनिटाची पावलं पाचेक टक्क्यांनी वाढवणं) याने फरक पडतो. आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने धावलं की एक खुबा कायम खाली राहतो. सुरक्षितता सांभाळून फेऱ्याची दिशा दिवसाआड उलटी करा.

शर्यतीत किंवा लांब धावेआधी वेदनाशामक गोळी अजिबात नको. पाणी कमी पडलेल्या शरीरात आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि थांबायला सांगणारी खूण दडपतात ते वेगळंच.

चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटून रक्तदाब, साखर, ईसीजी करून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते त्यांना मुद्दाम सांगा. शाकाहारी आहात म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली असलं की पाय जड पडतात, आणि माणूस सराव कमी पडला असं समजून आणखी धावतो.

पैशांवरून एकच म्हणणं: "पूर्ण केली तर" ही अट काढून टाका. शर्यतीच्या तीन आठवडे आधी नडगी दुखायला लागली आणि अंगावर शंभर लोकांचा शब्द असला की माणूस थांबत नाही. तडा गेलेल्या हाडावर धावण्याचं ते फार मोठं कारण आहे.

पै_पै
वरच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा, आणि हिशोबाच्या बाजूनेही तेच बरोबर आहे. अटीवरची वचनं वसूल करायला शर्यतीनंतर लोकांच्या मागे लागावं लागतं, आणि अंग ठणकत असताना ते होत नाही. "मी धावते आहे, तुम्ही आज द्या" असं मागा. पैसे शर्यतीआधी ट्रस्टकडे पोचलेले असले पाहिजेत.

स्वतःचा यूपीआय क्रमांक देऊ नका. तुमच्या हेतूवर शंका नाही. पण तुमच्या खात्यात आलेला पैसा कागदावर तुमचा असतो. तो तुम्ही ट्रस्टला दिलात की पावती तुमच्या नावाची निघते, आणि ज्या काकांनी ५,००० दिले त्यांना ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट, मिळत नाही. ट्रस्टच्या चालू खात्याचा क्यूआर मागून घ्या, तोच सगळीकडे पाठवा. देणाऱ्याला टिपणीत "धाव" एवढा शब्द लिहायला सांगा म्हणजे तुमच्या निमित्ताने आलेली रक्कम वेगळी ओळखता येते. देणाऱ्याने पूर्ण नाव, पॅन आणि पत्ता ट्रस्टला कळवायचा. दर रविवारी ट्रस्टच्या हिशोबनिसाबरोबर यादी जुळवा. ही जुळवणी महिनाभर राहिली की कोणाचे ५०१ कोणते ते कोणालाच सांगता येत नाही.

त्याआधी ट्रस्टकडून मागायचे कागद: १२एबी (धर्मादाय संस्था म्हणून आयकर खात्याकडची नोंदणी) आणि ८०जी नोंदणीचा आदेश (मुदत संपलेली नाही ना ते पाहा, ही नोंदणी आता कायमची नसते), पॅन, गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद. कोणा कंपनीकडून सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचे) पैसे मागणार असाल तर सीएसआर-१ ची नोंदणीही लागते.

देणगीदारांना सांगायच्या गोष्टी नेमक्या सांगा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये तुम्हालाच फोन येतात. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर ८०जी मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच, जुनीत आहे. अशा ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या सहसा ५० टक्के वजावट मिळते आणि तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे ५,००० दिले तर करपात्र उत्पन्न २,५०० ने घटतं, कर २,५०० ने घटत नाही. साधी पावती लगेच मिळते. ज्याला सगळे १०बीई म्हणतात ते प्रमाणपत्र मात्र आर्थिक वर्ष संपल्यावर मे अखेरपर्यंत येतं. चार भावंडांनी मिळून एकाच्या खात्यातून पाठवले तर पावती एकाच्याच नावाची होईल. आणि शर्यतीचं प्रवेशशुल्क ही देणगी नव्हे.

परदेशातले. इथे सर्वात जास्त चुका होतात. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे तो लंडनमध्ये राहत असला तरी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेला त्याचा पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. तो आपल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून ट्रस्टला देऊ शकतो. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे तो कायद्याने विदेशी स्रोत, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही. त्याचा पैसा घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवा. बडोद्यातल्या खात्यात नाही, रुपयांत दिला तरी नाही. छोट्या ट्रस्टकडे ही नोंदणी बहुधा नसते. मग न्यू जर्सीच्या भावाला नम्रपणे नाही म्हणा. बडोद्यातल्या मावशीच्या खात्यातून फिरवून आणायची पळवाट काढू नका, त्यात ट्रस्ट गोत्यात येतो. भावाने इथल्या नातेवाइकांना आवाहन पुढे पाठवलं तरी मोठी मदत होते.

आता १ लाख कसे जमतात ते. आकडा फोडून पाहा: ५०० चे ४०, १,००० चे २०, २,५०० चे १०, ५,००० चे ५ आणि १०,००० चा एक. झाले पूर्ण. देणारे ७६ लागले, म्हणजे मागायचं किमान २३० जणांना, कारण तिघांतला एक जण देतो असं धरूनच चालावं. पहिली मागणी ग्रुपवर नको. आधी पाच-सहा जवळच्यांना एकेकाला फोन करा आणि मोठ्या रकमा आधी येऊ द्या. शून्यावर उभ्या असलेल्या आवाहनाला कोणी हात लावत नाही, २०-२५ हजार जमलेले दिसले की बाकीचे पुढे येतात. निरोप चार ओळींचा पुरे: कोण, कधी, किती धावणार. पैसा कशाला. ५०० रुपयांत अभ्यासिकेत नेमकं काय होतं (ट्रस्टला विचारून खरा आकडा लिहा). क्यूआर आणि शेवटची तारीख. लांबलचक भावनिक मजकूर वाचला जात नाही.

वेळ पाहून मागा. महिन्याचा पहिला आठवडा बरा. दिवाळीच्या दोन आठवडे आधी चांगलं, नवरात्रात नको. डिसेंबर अखेरपर्यंत ८० टक्के रक्कम आलेली हवी, कारण जानेवारीत सराव सर्वात जड असतो. निधी जमवायचं संकेतस्थळ वापरणार असाल तर शुल्क किती कापतात, पैसा थेट ट्रस्टला जातो का आणि ८०जी पावती कोण देतं ते आधी विचारा. देताना पडद्यावर "टिप" आधीच लावलेली असते, ती शून्य करता येते हे देणाऱ्याला सांगा.

वारसियावासी
सगळ्यांचे मनापासून आभार. अट काढून टाकली, क्यूआर ट्रस्टकडून मागवला. न्यू जर्सीचा भाऊ अमेरिकन नागरिक आहे, त्याला आज कळवते. खाण्याचं राहिलं. आणि इलेक्ट्रॉल (ओआरएस) पाण्यात घालून तेच पीत धावलं तर पुरेल का?

पहाटधाव
३ तास ४५ चा मुद्दा मान्य. ३० आणि ३२ दोन्ही आकडे खोडून वेळ लिहा.

कोठी_चाररस्ता
ओआरएसने मीठ-पाणी भरून निघतं, ताकद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे १ लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. तुम्हाला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतील. स्नायूंतला साठा मंद धावणाऱ्यालाही बहुधा ३० किमीच्या आसपास संपत येतो आणि पाय एकदम शिसं होतात. ते टाळायचं तर पहिल्या ४० मिनिटांपासून खात जावं लागतं. भूक लागल्यावर खाल्लेलं उशिरा पोचतं.

तासाला ४० ग्रॅमपासून सुरू करा. १०० ग्रॅम खजुरात साधारण ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे बिया काढून ५५-६० ग्रॅम खजूर तासाला. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास. धावपटूंच्या एनर्जी जेलच्या पाकिटात बहुधा २० ते २५, ते साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं. ओआरएस किंवा गोड पेयाबरोबर घेतलं तर पोटात फार घट्ट द्रावण होतं आणि मळमळतं. चिक्की हिवाळ्यात चविष्ट लागते, पण धापेत चावताना कण घशात जातात. खजुराने काहींचं पोट सुटतं, म्हणून १८ किमीच्या धावेपासून प्रत्येक रविवारी तेच, तेवढंच, त्याच वेळेला खाऊन पाहा. आतड्यालाही सराव लागतो.

पाणी किती, ते मोजूनच ठरवा. एक तास धावायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. समजा ६४.८ चे ६३.९ झाले आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर घाम तासाला १.२ लिटर. तेवढं सगळं पिऊन भरायचं नसतं. शेवटी वजन दोन टक्क्यांपर्यंत, तुमच्या बाबतीत १.३ किलोपर्यंत, घटलं तर चालतं. वाढलं तर मात्र तुम्ही जास्त प्यायलात, आणि ते धोकादायक आहे. पाच-सहा तास धावणारे प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पितात, रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, गोंधळल्यासारखं होतं, आणि लोक त्यांना आणखी पाणी पाजतात. ऑक्टोबरात मोजलेला घाम फेब्रुवारीला लागू होत नाही, जानेवारीत पुन्हा मोजा. ओआरएसचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत नाही.

शर्यतीआधीचे दोन दिवस कर्बोदकं वाढवा, किलोमागे ८ ग्रॅम, तुमच्यासाठी दिवसाला ५२० ग्रॅम. मऊ भात, बटाटा, पोहे, साबुदाणा, गूळ-पोळी, केळी. कोंडा, कच्च्या कोशिंबिरी, उसळी त्या दोन दिवसांत बंद. शेव-उसळ तर आठवडाभर आधीपासूनच नको, तिखट आणि वाटाणा दोन्ही रस्त्यात दगा देतात. सकाळी सुटायच्या अडीच-तीन तास आधी नेहमीचा नाश्ता, नवं काहीही नाही.

टाच-पोटरी
बुटांचं कोणी लिहिलं नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. जोडी ५०० ते ८०० किमी टिकते. २४ आठवड्यांत तुमचं एकूण अंतर त्याच्या पुढे जाईल, म्हणून आत्ता एक आणि दहाव्या आठवड्यानंतर दुसरी घेऊन दोन्ही आलटून पालटून वापरा. शर्यतीच्या जोडीवर आधीच ८०-१०० किमी आणि किमान एक लांब धाव झालेली हवी. मोजे सुती नकोत, भिजले की फोड येतात. ब्राच्या पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत पेट्रोलियम जेली जाड लावा.

शर्यतीत पहिले ५ किमी ७:४० पेक्षा वेगाने धावायचंच नाही, गर्दी कितीही ओढू दे. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल हे पहिल्यापासून ठेवलं तरी सव्वापाच-साडेपाचमध्ये बसतं, फक्त चालणं सुस्त नको. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही आलं तर तिथेच थांबून स्वयंसेवकाला हाक मारायची. बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागच्या बाजूला घरच्यांचा फोन, रक्तगट आणि चालू औषधं वॉटरप्रूफ पेनने आदल्या रात्रीच लिहून ठेवा.